भांडारप्रमुखांचा घोटा

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि माझ्या मनात फार राग आहे. खुर्चीला मन कुठे असते, असे विचारू नका. बैठकीच्या खाली असते.

कारखान्यातून मी थेट या छोट्या रुग्णालयात आले. बालपण असे मिळालेच नाही. नऊ वर्षे मी मोडके पाय वाहिले, बाळंतिणी वाहिल्या, एकदा रंगाऱ्याची शिडीसुद्धा वाहिली. शिडीने आभार मानले नाहीत.

माझे लाडके प्रवासी म्हणजे पुरुषांच्या वॉर्डातले घड्याळजी आजोबा. त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. आजी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या वॉर्डात, हृदयाच्या दुखण्याने. रोज चार वाजता वॉर्डातली मावशी आजोबांना माझ्यावर बसवून तिकडे नेई.

"पाच मिनिटं उशीर," आजी म्हणत. "आणि म्हणे घड्याळजी!"

"तुझं घड्याळ पुढे असेल."

"माझ्याकडे घड्याळ आहेच कुठे? चाळीस वर्षं झाली, एक आणलं नाहीत!"

मग तपासणी येणार अशी बातमी आली. मी नवी दिसावी म्हणून भांडारप्रमुखांनी मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भांडारात कोंडले. वर नियम काढला : खुर्चीसाठी अर्ज करावा, ज्याचा अर्ज आधी त्याला खुर्ची आधी, आणि अर्जावर त्यांची सही हवी. आजोबांनी त्याच दिवशी अर्ज दिला. सही काही झाली नाही. अकरा दिवस मी प्लॅस्टिकमध्ये घामाघूम होऊन सूड शिजवला.

बाराव्या दिवशी दुपारी मावशी धावत आली. "साहेब, आजींना पाच वाजता मोठ्या रुग्णालयात हलवतायत. ऑपरेशन आहे. आजोबांना एकदा भेटू द्या हो."

"तपासणी झाली की बघू," साहेब म्हणाले आणि ऐटीत वळले.

मी प्लॅस्टिकचे एक टोक सैल सोडले होते. साहेब आडवे झाले. घोटा मुरगळला. मला अजिबात वाईट वाटले नाही.

"मावशी, खुर्ची! एक्स-रे काढायला हवा!"

"अर्ज?" मावशी म्हणाली.

साहेबांनी पडल्या पडल्या अर्ज लिहिला, स्वतःचाच अर्ज नीट वाचला आणि मंजूर केला.

"आजोबांचा अर्ज तुमच्या आधीचा आहे," मावशी म्हणाली. "त्यावर पण करा की."

दातओठ खात साहेबांनी सही केली. मावशीने माझे प्लॅस्टिक टराटरा फाडले आणि आम्ही व्हरांड्यातून सुटलो.

आजी निघायच्या तयारीत होत्या. आजोबांना पाहून त्यांचे तोंड वाकडे झाले. "मला वाटलं, तुम्ही गेलात आणि कुणी मला सांगत नाहीये."

आजोबांनी आजींचा हात दोन्ही हातांत धरला.

"झालं का?" भांडारातून आरोळी आली. "पाय भोपळ्याएवढा झालाय!"

मी ब्रेक घट्ट लावून घेतला. मावशीने ओढला, सिस्टरने ओढला. पाच वाजता गाडी येऊन आजी निघेपर्यंत मी जागची हलले नाही. साहेबांना शेवटी चौघांनी चादरीत घालून नेले.

आजींचे ऑपरेशन पार पडले, असा फोन आला आहे.

मित्रांनो, मला पुसा, चाकांना तेल द्या, हवे तर शिव्या द्या. पण जपायचे म्हणून कोंडू नका. माझी चाके फिरण्यासाठी आहेत. साहेबांच्या पायाला सहा आठवडे प्लास्टर आहे, त्यामुळे हल्ली तेही माझ्यावर बसतात. "काय छान पळते हो!" म्हणतात. फाटकाकडचा उतार त्यांनी अजून पाहिलेला नाही.