पाच जणांचं टेबल

गल्लीच्या तोंडाशी लाँड्री होती, तिथे इटालियन रेस्टॉरंट उघडलं आणि आठव्या दिवशी बाबांचा फोन आला. "शनिवारी सात वाजता. सगळ्यांनी यायचं. टेबल सांगून ठेवलंय."

बाबा आणि इटालियन! सँडविचमधला टोमॅटोसुद्धा बाजूला काढून ठेवणारा माणूस.

"काहीतरी शिजतंय," मी आमच्या ह्यांना म्हटलं.

"रेस्टॉरंट आहे, शिजणारच," हे म्हणाले. ह्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा मी केव्हाच सोडून दिली आहे.

मला कुतूहल होतंच, पण धास्तीही होती. आई जाऊन तीन वर्षं झाली. बाबा एकटे राहतात, आणि गेले काही महिने त्यांचं काहीतरी बिनसलंय असं मला वाटत होतं. एकदा दुपारी न सांगता गेले, तर ओट्यावर चहाचे दोन कप विसळून पालथे घातलेले. "दोन कशाला?" म्हटलं, तर आधी गडबडले आणि मग म्हणाले, "सवय." या वयात माणूस विसरायला लागतो, आणि सुरुवात अशीच होते, हे मी ऐकून होते. त्यामुळे त्या शनिवारी माझ्यापुरतं काम एकच होतं, बाबांवर नजर ठेवायची. कपड्यांच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. उसवलेला टाका मला दहा हातांवरून दिसतो.

आत शिरलो आणि सगळ्यांच्या माना चहूकडे फिरायला लागल्या. इस्त्रीच्या टेबलाच्या जागी विटांची भट्टी होती, आणि एक धिप्पाड बाई लांब दांड्याच्या फळीवरून पिझ्झा आत सरकवत होती. छताला कपडे टांगायचे हूक तसेच होते, त्यांना आता दिवे लोंबत होते. लसणाचा आणि भाजलेल्या पिठाचा वास असा दरवळत होता की धाकट्याने बसायच्या आधीच ब्रेडची काडी मोडून तोंडात टाकली. धाकटा म्हणजे माझा भाऊ. पोहायला शिकवतो, म्हणून सदानकदा भुकेला.

बाबा तर नुसते प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. भट्टी तापायला किती वेळ लागतो? हे तेल असं हिरवट का? पास्त्याचे इतके आकार कशाला, पोटात गेल्यावर सगळे सारखेच ना? ऑर्डर घेणारी मुलगी हसून उत्तरं देत होती. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत. बरे दिसत होते बाबा.

मग माझं टेबलाकडे लक्ष गेलं. पाच खुर्च्या, पाच ताटल्या, पाच नॅपकिन. आम्ही चौघं.

धाकट्याने टेबलाखालून मला पाय मारला. त्यालाही कळलं होतं. पाचवी खुर्ची आईची. आमच्या घरात आईबद्दल कुणी बोलतच नाही. बाबांना त्रास होईल म्हणून आम्ही गप्प, आणि आम्हाला होईल म्हणून बाबा गप्प. तीन वर्षं हे असंच चाललंय.

बाबा हात धुवायला गेले तशी मी त्या मुलीला बोलावलं. "ही एक खुर्ची उचला. ताटलीपण."

"पण साहेबांनी पाच सांगितलेत. दोनदा सांगितलेत."

"साहेबांचं वय झालंय."

"अगं, त्यांना विचार तरी," हे म्हणाले.

"काय विचारू? ही कुणाची, असं? त्यांच्याच तोंडून वदवून घेऊ?"

ह्यांनी मेनूत डोकं घातलं. मुलीने खुर्ची उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवली. मी उरलेल्या खुर्च्या सरकवून मधली जागा बुजवली, आणि आपण किती हळुवार काम केलं म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं.

बाबा परत आले. टेबलाकडे बघत उभेच राहिले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो बाबा. आम्हाला कळतं सगळं. वाईट वाटून घेऊ नका."

"आणि सगळ्यांचं हेच म्हणणं आहे?"

धाकट्याने मान डोलावली. बाबा बसले. "ठीक आहे. तुमचं काही चुकलं नाही," म्हणाले, आणि चष्मा लावून फोनवर एका बोटाने काहीतरी टिपायला लागले. कुणाला लिहितायत? मला राहवलं नाही. मी वाकून वाचलं.

येऊ नकोस. मुलांना मान्य नाही.

चाळीस वर्षं हा माणूस औषधांच्या दुकानात पाच-पाचच्या ढिगांनी गोळ्या मोजत होता. एक गोळी कधी कमी नाही, जास्त नाही. तो खुर्च्या मोजायला चुकणार होता?

"बाबा, थांबा, पाठवू नका!"

"गेला," बाबा म्हणाले.

मी खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे जांभळ्या कोटातली एक बाई उभी होती. मी तिला ओळखत होते. आमच्या गल्लीत शाळेची बस घेऊन येते ती. तिने हातातला फोन वाचला, पर्समध्ये टाकला आणि पाठ फिरवली.

मी उठून धावले.

"अहो, थांबा! खुर्ची मी काढली."

"दिसलं मला," ती म्हणाली. "असू दे. मला वाईट नाही वाटलं." मग म्हणाली, "म्हणजे, वाटलं."

"अहो, मला तुमच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. मला वाटलं, बाबा चुकून आईला मोजतायत."

"चुकून?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, ते सहा जणांचं टेबल सांगणार होते. मीच म्हटलं, मुलं घाबरतील, पाचच सांगा."

मला भर रस्त्यात रडू फुटलं. तीन वर्षं आवरून धरलेलं सगळं, नेमकं हिच्यासमोर. तिने मला रडू दिलं. रुमाल पुढे केला, पण जवळ आली नाही, ते मला आवडलं.

"मी आत आलेलं तुम्हाला चालेल?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं. "पण चला. बाबा तुमच्याशी आईबद्दल काय बोलतात, ते मला ऐकायचंय."