काट्यामागची जागा

जूनमधल्या त्या शनिवारी क्लिफर्ड एन्टविसल कोट-टाय घालून बाजारात आला, तेव्हाच थेल्माने ओळखलं की हा आज आपली जागा बळकावायला आलाय. बटाट्याची पोती ओढणारा माणूस टाय लावतो तो काही बटाट्यांसाठी नव्हे. त्याच्या काखेत जुना पितळी तराजू होता. आठवडाभर घासून घासून त्याने तो असा लखलखीत केला होता की त्यात स्वतःचं थोबाड दिसावं. आणि ते तो बघतही होता.

ऑल्डरशॉ गावच्या छपराखालच्या बाजारात एन्टविसलांचा भाजीफळांचा गाळा साठ वर्षं आहे. थेल्मा लग्न होऊन आली तेव्हा वजनकाट्यामागे दोन भाऊ उभे असत, थोरला क्लिफर्ड आणि तिचा नवरा विल्फ. थेल्माच्या हाती कागदी पिशव्या. अठ्ठावीस वर्षं तिने पिशव्याच फुंकून उघडल्या. सोळा औंसांचा रत्तल, चौदा रत्तलांचा स्टोन, आठ स्टोनांचा आणखी काहीतरी, हे गणित तिच्या डोक्यात कधी बसलंच नाही. शाळेत त्यापायी बोटांच्या पेरांवर पट्टी खाल्ली आणि पंधराव्या वर्षी शाळाच सोडली.

मग दोन हजार साली सरकारने रत्तल मोडीत काढला आणि किलो आणला. क्लिफर्डने छाती काढून जाहीर केलं, "असल्या परक्या मापाला हा हात लागणार नाही." आणि सहा महिने तोंड फुगवून बसला. विल्फ कायमच भावाच्या मागे, तोही बसला. थेल्माने एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवा इलेक्ट्रॉनिक काटा मांडला, शेजारी साखर, गाजरं, बटाटे. दुपारचं मांस ओव्हनमधून बाहेर यायच्या आत तिला सगळं आलं होतं. दहाच्या उड्या मारायच्या, बस. एवढ्याचसाठी जन्मभर आपल्याला मठ्ठ म्हणत होते होय! सोमवारी ती काट्यामागे जाऊन उभी राहिली ती आजतागायत. क्लिफर्ड मागे बटाट्यांकडे गेला. विल्फ चार वर्षांनी देवाघरी गेला.

आणि आता बावीस वर्षांनी सरकारात कुणाला तरी रत्तलाचा पुळका आला होता. दहा दिवस क्लिफर्ड बाजारभर सांगत फिरत होता, "रत्तल परत येतोय. आला की काट्यामागे मी. थेल्माने पुन्हा पिशव्या बघाव्यात." त्याला हवा घातली होती नगरसेवक जाइल्स हॅरपने. ह्या हॅरपने उभ्या आयुष्यात स्वतः कांदा विकत घेतला असेल तर शपथ. पण लोकांचं मत गोळा करायला मात्र तो आज येणार होता, पेपरवाला फोटोग्राफर घेऊन, आणि थेट एन्टविसलांच्याच गाळ्यावर.

"हे धूड कुठे ठेवतोयस?" थेल्माने विचारलं.

"मधे. फोटोत आलं पाहिजे."

"मधे माझा काटा आहे."

"आजचा दिवस, थेल्मा."

"आजचा दिवस म्हणत तुझी आई आमच्याकडे राहायला आली आणि अकरा वर्षं राहिली. टोमॅटोंकडे ठेव."

क्लिफर्डने तराजू टोमॅटोंकडे ठेवला, पण गुरगुरत.

दहा वाजता हॅरप आला. गुलाबी गाल, चकचकीत बूट, हातात फॉर्मांचा गठ्ठा. राणीच्या ज्युबिलीच्या पताका अजून छताला लोंबत होत्या. त्यांच्याकडे बघून तो असा हसला की जणू त्याच्याच वाढदिवसाला लावल्यात. रांगेत आठ-दहा माणसं होती. सगळ्यांत पुढे मेव्हिस ग्रिमशॉ, चाळीस वर्षं ह्याच गाळ्यावर भाजी घेणारी आणि चाळीस वर्षं भाजीला नावं ठेवणारी.

"मंडळी, आपली जुनी मापं आपल्याला परत हवीत ना?" हॅरपने आवाज चढवला.

"हवीत तर!" मेव्हिस म्हणाली. "मी अकरा स्टोन आहे म्हटलं की बरं वाटतं. डॉक्टरीणबाई सत्तर किलो म्हणते तेव्हा गोठ्यात बांधल्यासारखं वाटतं."

"मग फॉर्म भरा. मिसेस एन्टविसल, पहिला तुमचा. गाळ्याची मालकीण, बाजाराचा आवाज!" फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला.

थेल्मा वाचायला वेळ घेते. शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत. कोणी हसलं तर तिला चालत नाही, म्हणून कोणी हसत नाही. फॉर्मावर दोन चौकटी होत्या. एकीपुढे लिहिलं होतं, 'फक्त रत्तल-औंस हवेत.' दुसरीपुढे, 'रत्तल-औंस हवेत, सोबत किलोही चालेल.' तिने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

"आहे तेच बरं आहे, असं म्हणणाऱ्याची चौकट कुठे आहे?"

"तसं... तसं कोणी म्हणत नाहीये, मिसेस एन्टविसल."

"कसं म्हणेल? जागाच ठेवली नाहीत तुम्ही. जेवायला बोलवायचं, ताटात किडनी की लिव्हर एवढंच विचारायचं, आणि मग गावभर सांगायचं की सगळ्यांना किडनी-लिव्हरच आवडतं."

रांगेत खसखस पिकली. थेल्माने भाजीच्या दरांच्या पाट्या लिहायचा जाड मार्कर उचलला, दोन चौकटींच्या खाली स्वतःची तिसरी काढली, चांगली बिस्किटाएवढी, आणि तिच्यात फुली मारली. वर लिहिलं, 'नको.'

"अहो, असा फॉर्म बाद होतो!"

"होऊ दे. मी नाही ना झाले बाद."

तेवढ्यात टोमॅटोंकडून क्लिफर्डचा आवाज आला. बावीस वर्षं तो आवाज बटाट्यांच्या पोत्यांत दडपून ठेवला होता, आज टायमुळे सुटला असावा.

"मंडळी, हिला रत्तल का नको ते मी सांगतो. हिला येत नाही! आमच्या विल्फने दर रविवारी बसवून शिकवलं, तरी आलं नाही. ही आपली बटणं दाबते. विचारा, विचारा हिला! सांग थेल्मा, एका स्टोनात औंस किती?"

पलीकडे मासळीवाला ओरडतच होता. पण रांगेतली सगळी डोकी थेल्माकडे वळली. थेल्माच्या मानेवर लाली चढली. एकाहत्तराव्या वर्षी तिच्या बोटांची पेरं पुन्हा ठणकली. फोटोग्राफरचा कॅमेरा तिच्यावरच होता. आता खोटं बोलायचं, हसून न्यायचं, की मागे जाऊन पिशव्या आणायच्या?

"नाही माहीत," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. "कधीच माहीत नव्हतं. झालं समाधान? आता तू सांग, मेव्हिस. तू अकरा स्टोन आहेस ना? एका स्टोनात औंस किती?"

"मी?" मेव्हिसने पर्स छातीशी धरली. "ते... एकशे साठ?"

"एकशे अडुसष्ट," मागून टोपीवाला म्हातारा म्हणाला. "बारा चोक... बारा चौदे."

"बारा ते फुटाला इंच रे, मेल्या! रत्तलाला औंस सोळा!" त्याच्याच बायकोने त्याला कोपर मारलं. "सोळा चौदे म्हणजे... थांबा हं."

सगळे थांबले. ती पेरांवर मोजतच राहिली.

"नगरसेवकसाहेब?" थेल्मा म्हणाली.

हॅरपने घसा खाकरला. "मुद्दा आकड्यांचा नाहीये. मुद्दा आपल्या परंपरेचा..." आणि त्याचा हात हळूच खिशातल्या फोनकडे गेला.

"फोन नको काढू, बाबा. परंपरेला फोन नव्हता."

"दोनशे चोवीस!" क्लिफर्ड गरजला. त्याचा चेहरा त्याच्या तराजूसारखा चमकत होता.

"बरोबर," थेल्मा म्हणाली. "अख्ख्या रांगेत एकाला आलं. आणि फॉर्म मात्र सगळे भरणार."

हॅरपने घाईघाईने उरलेले फॉर्म वाटले. मेव्हिसने मुद्दाम थेल्माच्या डोळ्यांदेखत पहिल्या चौकटीवर खूण केली. गेल्या आठवड्यातल्या मऊ पडलेल्या रूबार्बच्या जुडीचा राग होता तो. पण टोपीवाल्याच्या बायकोने जाड मार्कर मागितला, मग तिच्या मागच्या बाईनेही. हॅरप प्रत्येक फॉर्म घेताना कडू औषध गिळल्यासारखं तोंड करत होता.

क्लिफर्डने हे पाहिलं. दोनशे चोवीस सांगूनही आपल्याकडे कोणी वळलं नाही, हे त्याला सोसेना. त्याने तराजू उचलला, सरळ मधे आणला, कोपराने थेल्माचा काटा बाजूला सारला आणि तिच्या जागी उभा राहिला.

"पुढचं गिऱ्हाईक!"

थेल्मा बाजूला झाली. अंगाला अंग लावून भांडायचं वय नव्हतं, आणि गरजही नव्हती. तिने हाताची घडी घातली.

मेव्हिस अजून रूबार्ब दाबून बघत होती, म्हणून पुढे नसरीन आली, शाळेच्या भटारखान्यात काम करणारी. "दहा किलो कांदे. उद्या घरी मुलीचा साखरपुडा आहे, ऐंशी माणसं आहेत. जरा पटकन, क्लिफ."

"बावीस रत्तल!" क्लिफर्डने डोक्यात क्षणात हिशोब केला. हुशार होताच तो, थेल्माने ते कधी नाकारलं नव्हतं. पण त्याच्याकडचं सगळ्यांत मोठं वजन चार रत्तलांचं, आणि पारड्यात त्याहून जास्त कांदे मावतही नव्हते. एक खेप झाली. दुसरी झाली. एक कांदा गडगडत नसरीनच्या बुटाखाली गेला. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, इकडे बघा, हसा," आणि क्लिफर्ड हसला. पुन्हा एक खेप ओतली. पुन्हा हसला, पुन्हा ओतली. मग पारडं हातात धरून तसाच उभा राहिला.

"किती झाले?" नसरीनने विचारलं.

"तीन खेपा... म्हणजे बारा रत्तल. का चार खेपा?"

"मला काय विचारतोस? मला शाळेत रत्तल शिकवलाच नाही."

"चार," टोपीवाला म्हणाला. "तीनच," त्याची बायको म्हणाली. मागून कोणीतरी पार्किंगची वेळ संपत आल्याचं सांगितलं. दोघीजणी रांग सोडून पलीकडच्या गाळ्याकडे निघाल्यादेखील. हॅरप फोटोग्राफरला दंडाला धरून बाहेरच्या चहाच्या गाडीकडे नेत होता.

क्लिफर्डने थेल्माकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते तिला चांगलं कळलं. तरी तिने घडी सोडली नाही. एक, दोन, तीन, चार, अशी सावकाश मनात मोजत त्याला तिने तसंच उभं ठेवलं. मग पुढे होऊन कांद्यांची पिशवी स्वतःच्या काट्यावर ठेवली. सात किलो तीनशे. वरून कांदे टाकत गेली. दहा.

"घे गं, नसरीन. आणि मुलीला म्हणावं, सुखी राहा."

क्लिफर्ड अजून हलला नव्हता. "मोकळी कर जागा," ती म्हणाली.

त्याने तराजू काखेत घेतला. टायचं टोक पारड्यात अडकलं होतं, ते तसंच ओढत तो मागे निघाला. पोत्यांपर्यंत पोचल्यावर त्याला बळ आलं.

"आज विल्फ असता ना, तर..."

"विल्फ असता तर तोही तुझ्याशेजारी बटाटेच निवडत असता," थेल्मा म्हणाली. "हिरवे पडलेले बाजूला काढ. हां मेव्हिस, बोल. रूबार्बबद्दल एक शब्द बोललीस तर बघ."