साळुबाईच्या वळणावरचा टायर

मी एक जुना ट्रकचा टायर आहे. मित्रांनो, टायर म्हटलं की तुम्हाला काठीनं पळवायचं खेळणं तरी आठवतं, नाहीतर होळी तरी. मी दोन्हींतून वाचलो. गेली बारा वर्षं मी एका जागेवरून हललेलो नाही, आणि माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही घडलं ते याच बारा वर्षांत घडलं.

तसा मी जन्मलो पळण्यासाठीच. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर बारीक रबरी केस होते आणि नक्षी बोट रुतेल एवढी खोल होती. मंचरच्या जानकू ड्रायव्हरनं मला त्याच्या ट्रकच्या मागच्या चाकाला चढवलं. मंचरच्या बाजारातून कांदा भरायचा, माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणला रिकामा करायचा, हे आमचं काम. रोज सकाळी जानकू टॉमी नावाच्या लोखंडी दांड्यानं माझ्या अंगावर ठोका मारायचा आणि कान देऊन आवाज ऐकायचा. आवाज टणक आला की म्हणायचा, "चल राजा!" मला फार अभिमान वाटायचा.

माझी नक्षी झिजली, तेव्हा त्यानं वर नवं रबर चढवून मला पुन्हा रस्त्यावर आणलं. पण १९९६ साली मढजवळ एका टोकदार दगडानं माझी कूसच फाडली. मढच्या स्टँडवर निजामभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. ते मूळचे जुन्नरचे. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि मान हलवली.

"जानकूभाऊ, याचं आता काय व्हायचं न्हाई. लई पळाला, आता बसू द्या त्याला."

जानकूनं माझ्यावर शेवटचा ठोका मारला. आवाज बद्द आला. तो निघून गेला आणि मी दुकानामागच्या ढिगात पडलो. माझ्यासारखे तिथं चाळीसएक टायर होते. कुणी बसचा, कुणी जीपचा. पावसाचं पाणी पोटात साठवत आम्ही नुसते पडून होतो.

आता साळुबाईची ओळख करून देतो. मढच्या अलीकडे, ओतूरच्या बाजूला रस्ता एकदम डावीकडे वळतो. त्या वळणाच्या अगदी समोर साळुबाई आणि भिमाजी यांचं घर. घाट चढून आलेली गाडी सपाटीला लागली की ड्रायव्हरला हुरूप येतो, पाय आपोआप दाबला जातो. मग वळण येतं, गाडी वळत नाही आणि सरळ साळुबाईच्या अंगणात येते. पुढच्या काही गोष्टी मी तिथं येण्याआधीच्या आहेत, पण त्या अंगणात इतक्यांदा सांगितल्या गेल्या की मला तोंडपाठ झाल्या आहेत.

एकदा एक जीप साळुबाईच्या कुरडयांच्या वाळवणावरून थेट गोठ्याच्या कुडाला जाऊन भिडली. एकदा एक टेम्पो न्हाणीत शिरला. नशीब, आत कुणी नव्हतं. तेव्हा घरचे हसले. पण १९९५च्या दिवाळीत त्यांची पाच वर्षांची नात अक्षदा अंगणात सागरगोटे खेळत होती आणि एक गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. साळुबाईनं पोरीला उचललं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

"आता बघतोच," भिमाजी म्हणाले. विहीर खोदताना निघालेला हत्तीच्या पिल्लाएवढा काळा धोंडा त्यांनी साखळदंडानं ट्रॅक्टरला बांधला आणि ओढत आणून अंगणाच्या तोंडाशी बसवला. "येऊ दे आता कोण येतो ते!"

दीड वर्ष कुणी आलं नाही. मग एका सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघालेला भागू नावाचा व्यापारी मोटारसायकलवरून आला. वळणावर वाळू होती. गाडी घसरली आणि तो धोंड्यावर आदळला. त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत साळुबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो बिचारा कण्हत म्हणत होता, "मावशी, हितं दगड नसता तर मी नुसता मातीत लोळलो असतो ओ."

जीप गेली. साळुबाई त्या दिवशी जेवली नाही.

"आपली पोर वाचवायला दुसऱ्याच्या पोराचा पाय मोडायचा का?" ती म्हणाली. "मला न्हाई पटत हे."

"मग काय अंगण उघडं टाकू? पोरीच्या अंगावर गाडी येऊ देऊ?" भिमाजी चिडून म्हणाले. दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडण मिटेना. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच भिमाजी पहार घेऊन बाहेर आले आणि त्यांनी धोंडा उचकटून बाजूच्या ओघळीत ढकलून दिला.

त्याच दिवशी साळुबाई निजामभाईंच्या दुकानावर आली. तिचा मुलगा अमृत तिथं ट्रॅक्टरचं पंक्चर काढायला बसला होता. तिनं सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, "निजामभाऊ, तुमी गाड्यांतलं जाणता. गाडी थांबावी, पण माणसाला लागू नये, असं काय असतंय का?"

निजामभाईंनी हातातली कानस खाली ठेवली. मग ते तिला दुकानामागं घेऊन आले आणि त्यांनी माझ्यावर जोरात लाथ मारली. त्यांचा पाय मागं उडाला.

"बघा बाई. मी लाथ मारली, त्यानं झेलली. ह्यो सगळा ढीग घेऊन जा. मागच्या रांगेत मुरूम भरा, पुढची रांग पोकळ ठिवा. माझ्याबी दुकानातले डास कमी व्हतील."

मित्रांनो, ती लाथ मला जन्मभर पुरेल!

अमृतनं आम्हाला ट्रॉलीतून आणलं. निजामभाई स्वतः दोन दिवस दुकान बंद ठेवून आले. मागच्या टायरांत मुरूम ठासला, सगळ्यांना तारेनं एकमेकांना बांधलं, पुढं आम्हा पोकळ टायरांची रांग रचली. मी पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध. साळुबाईनं आमच्यावर चुन्याचे पट्टे ओढले. भिमाजी लांब बसून बघत होते. "रबरानं कुठं गाडी थांबती व्हय?" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात त्यांना उत्तर मिळालं. भर दुपारी एक वऱ्हाडाची जीप आली. आत नवरदेव, करवल्या आणि दोन बँडवाले. कोणतं गाणं वाजवायचं यावरून आत वाद चालला होता आणि ड्रायव्हर मान मागं वळवून त्यात भाग घेत होता. वळण आलं. जीप आली नीट माझ्यावर!

माझं पोट पाठीला चिकटलं. मागच्या मुरूमवाल्यांनी पाय रोवून मला धरलं. आणि मग मी सगळी ताकद लावून जीपला हलकेच मागं ढकललं. धूळ खाली बसली तेव्हा जीपच्या रेडिएटरमधून वाफ निघत होती, एक मोठा ढोल अंगणभर गडगडत चालला होता आणि नवरदेवाच्या मुंडावळ्या गळ्यात आल्या होत्या. पण कुणालाही साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

साळुबाई धावत आली. तिनं एकेकाला हात लावून पाहिलं. "समदी हायत ना? कुणाला लागलं न्हाई ना?" मग तिनं सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. करवल्या रडता रडता हसायला लागल्या.

"मावशी, मुहूर्त टळंल ओ!" नवरदेव काकुळतीला येऊन म्हणाला.

"कसा टळंल? आमी हाय ना," भिमाजी म्हणाले. त्यांनी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत ताडपत्री अंथरली आणि सगळं वऱ्हाड त्यात चढवलं. ट्रॉली वाजतगाजत रस्त्याला लागली. जाण्याआधी भिमाजी माझ्याजवळ आले होते. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि कुणी ऐकत नाही ना, हे पाहून म्हणाले, "शाब्बास रं!"

त्यानंतर सहा-सात गाड्या आल्या. सगळ्यांना आम्ही झेललं.

पण मित्रांनो, रोज दिसणारी गोष्ट माणसाला हळूहळू दिसेनाशी होते. चुना उडून गेला, तारा गंजल्या. आमच्या पोकळ पोटांत पाणी साठू लागलं आणि त्यात डासांनी घर केलं. २००४च्या पावसाळ्यात अक्षदाला जोराचा ताप आला. घरी आलेल्या आरोग्यसेविकेनं माझ्या पोटात वाकून पाहिलं आणि वळवळणाऱ्या अळ्या अमृतला दाखवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यासाठी मला आणलं, तिलाच माझ्यामुळे त्रास!

"पेटवून टाकतो समदे," अमृत म्हणाला.

तापातून नुकत्याच उठलेल्या अक्षदानं दारातूनच सांगितलं, "बाबा, टायरांची काय चूक? त्यांना पाणी काढता येत नाही. आपण काढायचं ना!" तिनं निजामभाईंना बोलावणं धाडलं. त्यांनी सळई तापवून आमच्या प्रत्येकाच्या तळाला भोकं पाडली. भोकं पडताना चटका बसला, पण पोटातलं पाणी वाहून गेलं तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू! अक्षदानं आम्हाला पुन्हा चुना लावला. पुढं वळणाच्या अलीकडे बाणाची पाटी लागली आणि गाड्या येणं जवळजवळ थांबलं.

तीन-चार महिन्यांपूर्वी अक्षदा घरची पिकअप चालवायला शिकत होती. ती अंगणात गाडी मागं घेत होती आणि अमृत ओरडत होता, "क्लच! क्लच दाब!" तिनं भलतंच काहीतरी दाबलं. पिकअप मागं उसळली आणि धाडकन येऊन पाठीमागून आमच्यावर आदळली. आजवर आम्ही रस्त्यावरूनच धडका खाल्ल्या होत्या. घराच्या बाजूनं बसलेली ही पहिलीच! ओट्यावर बसलेली साळुबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. भिमाजी म्हणाले, "चालू दे पोरी. थांबवायला त्ये हायत."

मित्रांनो, आता अक्षदाला परवाना मिळाला आहे. परवा ती घाटाकडून एकटी गाडी घेऊन आली. वळणाआधी तिनं वेग कमी केला, हॉर्न दिला आणि अलगद वळली. तुम्हीही मोठे झालात की असंच करा. जुन्या टायरांत पाणी साठू देऊ नका. आणि कोणत्याही वळणावर जरा हळू या. वळणापलीकडे कुणाचं तरी अंगण असतं, तिथं कुणाची तरी पोर खेळत असते, आणि प्रत्येक अंगणापुढं मी उभा नसतो.