मी मल्टिप्लाय, गडद करणारा

मी मल्टिप्लाय बोलतोय. फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्राममध्ये एकावर एक चित्रं ठेवतात, त्या थरांच्या यादीशेजारी एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात आम्ही सारी भावंडं राहतो. वरच्या थराचा रंग खालच्या थरात कसा मिसळायचा, हे आम्ही ठरवतो. आज मी रागात आहे. उगाच गोड बोलणार नाही.

माझा जन्म संगणकात झाला असं समजू नका. कुणीतरी दोन पारदर्शिका एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्या, तेव्हाच मी होतो. पहिलीतून गाळून आलेला उजेड दुसरीनं आणखी गाळला. संगणकानं त्याचं गणित मांडलं, एवढंच. पांढरा म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, बाकीचे रंग अधलेमधले. दोन्ही थरांचा गुणाकार करायचा. अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं की पाव. म्हणून मी गडद करतो.

माझा भाऊ स्क्रीन याच्या उलट. दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर रोखले की पडदा उजळतो, तसा तो. तो सगळ्यांचा लाडका, मी सावत्र. सावली टाकायची असली की मला बोलावतात. चेहऱ्याजवळ फिरकू देत नाहीत.

मी ज्या स्टुडिओत आहे तिथल्या मालकांचा नियमच आहे : "लग्नाला स्क्रीनचे तीन थर, गेलेल्या माणसाला दोन." चेहरा कुणाचा, हे बघायचंसुद्धा नाही. मेल्यावरही माणसाला त्याच्या रंगात राहू द्यायचं नाही!

परवा एका बाईंचा फोटो आला. त्या नुकत्याच गेल्या होत्या. घरात त्यांचा धड असा हा एकच फोटो, तोही खिडकीशेजारी वर्षानुवर्षं ठेवून उन्हानं विटलेला. नणंद तो घेऊन आली होती. काम करणाऱ्या ताईंनी सवयीनं स्क्रीनचे दोन थर चढवले, छापला, फ्रेम करून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान फ्रेम घेऊन दारात उभे.

"ही कोण?"

"काका, तुमच्याच मिसेस," मालक म्हणाले. "जरा तेज आणलंय."

"ही तिची गोरी मावसबहीण असेल. माझी बायको सावळी होती. हनुवटीवर तेलानं भाजल्याचा डाग होता. तो कुठे गेला?"

"डाग आम्ही फुकट काढतो, काका."

"मग फुकट परत घाला."

मालक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून तो जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. मालकांकडे न बघता ताई म्हणाल्या, "बसा, काका."

त्यांनी फोटो नव्यानं स्कॅन केला. त्याचीच प्रत त्याच्यावर ठेवली आणि खिडकी उघडून माझ्यावर बोट ठेवलं. मी गुणाकार केला. पुसट गाल भरला, भुवया आल्या. त्यांनी आणखी एक प्रत ठेवली. हनुवटीवर डाग उमटला.

काका खुर्ची ओढून पुढे सरकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आली," ते म्हणाले.

कपाळाचा एक तुकडा मात्र उन्हानं पार पांढरा केला होता. पांढऱ्याला पांढऱ्यानं कितीही गुणा, पांढरंच. तिथे माझं काही चाललं नाही. माझा खरा राग त्याच गोष्टीचा आहे.

"कपाळ ब्रशनं रंगवून देऊ?" ताईंनी विचारलं.

"नको. गेलं ते गेलं. उरलंय त्याला हात लावू नका."

मालकांनी अजून नियम बदललेला नाही. मला लाड नकोत. माझ्या भावाशीही माझं वैर नाही. अंधारातल्या फोटोला तोच हवा. पण कुणाला वर चढवायचं ते सवयीनं ठरवू नका. आधी तो चेहरा ओळखणाऱ्या माणसाला विचारा.

आज सकाळी एक मुलगी आईचा फोटो घेऊन आली. आतून मालक ओरडले, "दोन!" ताईंनी आमची खिडकी उघडली, पण कुणालाच निवडलं नाही. मुलीकडे वळून त्या म्हणाल्या, "आई दिसायला कशी होती गं?"