कोब्याचे उत्तर

मित्रांनो, आयुष्यात मला एकच पत्र आले आणि त्याचे उत्तर मी बरेच दिवस दिले नाही. उभ्या आयुष्यात असे म्हणायचीही माझी सोय नाही, कारण माझे सगळे आयुष्य आडवे पडूनच गेले.

पत्र म्हणजे वहीचे फाडलेले एक पान होते. घडीवर घडी घालून ते माझ्या अंगावरच्या एका भोकात कोंबलेले होते. सोबत बोटाच्या पेराएवढी पेन्सिलही होती, मला उत्तर लिहिता यावे म्हणून. मला हात नाहीत हे खरे. पण तेवढ्याने मी गप्प राहिलो असे सांगितले तर ते खोटे ठरेल. काय उत्तर द्यावे, याचीच मला खात्री नव्हती.

मी एक जुना कोबा आहे. सिमेंट, वाळू आणि खडी कालवून जमिनीवर पसरतात आणि थापीने चोपून गुळगुळीत करतात, तो कोबा. तुम्ही शाळेत घड्याळांची, छत्र्यांची, जुन्या पुस्तकांची मनोगते लिहिता. कोब्याचे मनोगत कोणी लिहायला सांगत नाही. त्यामुळे मला ते नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. जमेल तसे सांगतो.

माझा जन्म सायकलच्या घंटांच्या कारखान्यासाठी झाला. मला घडवणाऱ्या गवंड्याने मी वाळल्यावर माझ्यावर एक काचेची गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. "जमला," एवढेच तो म्हणाला आणि थापी धुऊन निघून गेला. मग माझ्यावर यंत्रे आली : लेथ आले, प्रेस आले. त्यांचे पाय माझ्यात बोल्टाने घट्ट बसवले. माणसांनी कुठून चालायचे आणि हातगाड्या कुठून न्यायच्या, ते दाखवणाऱ्या पिवळ्या रेघा माझ्यावर ओढल्या. त्या माझ्या पहिल्या रेघा.

मोठ्या लेथवर एक तरुण फिटर होता. तो एका ठरावीक जागी असा पाय रोवून उभा राहायचा की त्याच्या टाचांखाली मी किंचित झिजलो. दिवसभर घंटांच्या वाट्या घडत आणि संध्याकाळी प्रत्येक घंटा एकदा वाजवून पाहत. पाहुणे आले की मालक त्यांना यंत्रे दाखवायचे. पाहुणे यंत्रांची तारीफ करायचे आणि जाताना माझ्यावर बूट झटकायचे. असो. तक्रार करायला मी हे सांगत नाही.

मग कारखाना बंद पडला. यंत्रे विकली गेली. ती उचलून नेताना बोल्ट उपसले, आणि माझ्या अंगावर भोके तेवढी राहिली. किल्ली फिटरकडे राहिली. तो रोज येऊन कुलूप उघडायचा, आत एक फेरी मारायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. त्या दिवसांत माझ्यावर फक्त कबुतरे चालत. त्यांना पिवळ्या रेघांची काही पडलेली नव्हती.

एकदा मागच्या वस्तीला आग लागली. घरे गेलेली माणसे दारात उभी राहिली. फिटरने काही न विचारता कुलूप काढले. त्या लोकांनी निळा रंग मिळवला आणि माझ्यावर आपापल्या घराच्या रेघा ओढल्या. इथे भिंत, इथे चूल, इथे दार. भिंती म्हणजे नुसता रंग, तरी सगळे त्या पाळायचे. एक आई आपल्या लेकीवर ओरडलेली मला अजून आठवते : "अगं ए, दारातून ये! भिंतीतून काय येतेस भुतासारखी?" आणि ती पोरगी खरोखरच मागे जाऊन, न दिसणारे दार ढकलून आत आली.

ते लोक नव्या घरांत गेले. निळी घरे माझ्यावर राहिली. मग बॅडमिंटनवाल्यांनी पांढऱ्या रेघा ओढल्या. शिवणाचा वर्ग सुरू झाला. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे शिवणकाकू म्हणत. कापड मापायला त्यांनी लाल खुणा केल्या. पुढे पन्नाशीत त्यांनाच सायकल शिकायची हौस आली, तेव्हा त्यांच्यासाठी हिरव्या रंगात भला मोठा आठचा आकडा काढला. त्यांची सायकल जुनी होती. तिची घंटा मात्र इथेच, माझ्या अंगावर घडलेली होती.

फिटर आता म्हातारा झाला होता. तो बॅडमिंटनच्या रेघेबाहेर, खांबाला टेकून उभा राहायचा आणि सगळ्यांवर तोंडसुख घ्यायचा.

"अहो बाई, इथे माझा लेथ होता! इथे सायकली काय फिरवताय?"

"होता ना?" काकू आठच्या आकड्यात डगमगत म्हणायच्या. "मग त्याला सांगा, बाजूला हो म्हणावं. मला अजून ब्रेक लावता येत नाही!"

"कारखाना बंद पडला त्या दिवशीच हा कोबा मेला," फिटर एकदा चिडून म्हणाला. "तुम्ही मढ्यावर नाचताय, मढ्यावर!"

हे ऐकायला त्याची नात तिथेच होती. समोरच्या दोन दातांमुळे आणि सतत इकडून तिकडे पळण्यामुळे तिला सगळे खारू म्हणत. तिचे काम काकूंची सायकल मागून धरायचे. त्या दिवशी तिने ती सोडली आणि काकू आपटल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या लेथच्या भोकात ते पत्र आले :

"प्रिय कोबा,
आजोबा म्हणतात तू मेलास. पण काल काकू तुझ्यावर पडल्या तेव्हा त्यांना खूप लागलं. मेलेलं कुणी असं लागतं का? तू मेलास का? खरं खरं सांग. मी आजोबांना सांगणार नाही. पेन्सिल ठेवली आहे.
तुझी खारू"

ती रोज यायची. पोटावर झोपून, एक डोळा मिटून भोकात पाहायची. मी तिथेच होतो, पण मला बोलता येईना. फिटर मला माझ्या तरुणपणापासून ओळखणारा. तो मेला म्हणतो तर आपण मेलोही असू, असे मला वाटू लागले होते. मग खारूच्या बाबांची दुसऱ्या गावी बदली झाली. जायच्या दिवशी तिने शेवटचे वाकून पाहिले आणि ती गेली.

इमारत आता एका समितीच्या ताब्यात होती. तिचे नवे अध्यक्ष कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. दारातूनच मला पाहून त्यांनी नाक मुरडले.

"काय हा रेघांचा गोंधळ! मांजरांनी ओरबाडल्यासारखं दिसतंय. वर चकचकीत टाइल्स टाकू आणि हॉल भाड्याने देऊ. ते शिवण, त्या सायकली, सगळं बंद."

समितीतल्या कोणाला तरी थोडे वाईट वाटले असावे. म्हणून ठराव असा झाला की आधी या जागेच्या सगळ्या वापरांची एका चित्रकाराकडून नोंद करून घ्यावी आणि ते चित्र पूर्ण झाले की टाइल्स बसवाव्यात.

चित्रकार बाई आल्या त्या चपला दाराशी काढून. मित्रांनो, माझ्याकडे पाहायला मुद्दाम खाली वाकणारे मोठे माणूस मी प्रथमच पाहत होतो. एरवी लोक हातातले काही पडले तरच वाकतात. त्या माझ्यावर पातळ कागद पसरायच्या आणि त्यावर शिशाची कांडी घासायच्या. माझा प्रत्येक ओरखडा कागदावर उमटायचा. मग त्या रेघांचे रंग भरायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "यातली तुमची रेघ कुठली? जरा तिच्यावर उभे राहाल?"

"पिवळ्या तेवढ्या काढ," फिटर म्हणाला. "बाकी सगळा कचरा आहे."

"आजोबा, मी निवडत नाही," त्या म्हणाल्या. "दिसेल ते काढते."

चित्र संपत आले तेव्हा अध्यक्ष डोकावले. "वा! एकदा हे कागदावर आलं की खाली बुजवायला आपण मोकळे."

चित्रकार बाईंचा हात जागच्या जागी थांबला. काकूंनी तोवर ब्रेक शिकून घेतले होते. त्यांनी करकचून सायकल थांबवली.

"म्हणजे ही आमचं चित्र काढतेय की पंचनामा करतेय?"

"मला वाटत होतं मी हे जपतेय," चित्रकार बाई हळूच म्हणाल्या.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "ठराव काय आहे? चित्र पूर्ण झालं की, असाच ना? मग ते पूर्ण झालं तर ना!"

दुसऱ्या दिवशी माझ्यावर नव्या लाल खुणा उगवल्या. अध्यक्ष चित्र हातात घेऊन माझ्याशी ताडून पाहू लागले.

"ही कुठली रेघ? चित्रात नाही."

"कालची आहे," काकू म्हणाल्या. "झबल्यांचा नवा वर्ग काढलाय."

"परवा का नव्हती?"

"परवा झबली नव्हती."

चित्रकार बाईंनी मान खाली घालून ती रेघ चित्रात घेतली. पुढच्या वेळी बॅडमिंटनवाल्यांनी लहान मुलांसाठी छोटे मैदान आखलेले होते. अध्यक्षांनी वैतागून टाइल्सची खोकी आणून कोपऱ्यात रचली. चित्रकार बाईंनी त्या खोक्यांभोवतीही रेघ ओढली आणि अदबीने सांगितले, "आता ही हलवू नका हं. ती चित्रात आली आहेत." मुले त्या खोक्यांवर बसून खेळ पाहू लागली. मला हसता येत नाही, पण त्या दिवशी माझ्यावरची धूळ थोडी उडाली असेल तर त्याचे कारण मी होतो.

अध्यक्ष काही बुद्धू नव्हते. ते म्हणाले, "बस झालं. सोमवारी शेवटची तपासणी. हा फिटर इथला सर्वांत जुना माणूस. नोंद पूर्ण झाली असं त्याने सांगितलं की मंगळवारी काम सुरू."

सगळ्यांचे चेहरे पडले. फिटर काय सांगणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो तर रोजच सांगत होता.

रविवारी चित्रकार बाई भोकांचा गाळ काढत होत्या. त्यांना मोठ्या लेथच्या भोकात पेन्सिल लागली आणि तिच्यामागून पत्र. त्यांनी ते वाचले आणि फिटरच्या हातात दिले. त्याने चष्मा पुसला. पत्र वाचायला त्याला फार वेळ लागला.

"मी तिला असं कधी सांगितलं?"

"तिला नाही, मला सांगितलंत," काकू म्हणाल्या. "ती मागे सायकल धरून उभी होती."

फिटरने पत्र खिशात ठेवले. मग तो मोठ्या लेथच्या जागी, जिथे मी त्याच्या टाचांनी झिजलो होतो तिथे, जाऊन उभा राहिला. त्याचे पाय आता तिथे नीट बसेनात. तिथून तो हळूहळू चालत खांबापाशी आला, बॅडमिंटनच्या रेघेबाहेर. तिथे ते बरोबर बसले. मला ते केव्हाचे माहीत होते.

सोमवारी अध्यक्ष आले. चित्र पसरले. रेघ न् रेघ जुळली. ते खूश झाले.

"काय फिटर? नोंद पूर्ण ना?"

"नाही," फिटर म्हणाला. "माझी राहिली."

"अहो, तुमच्या पिवळ्या रेघा तर सगळ्यात आधी काढल्यात!"

"त्या कारखान्याच्या. माझी राहिली." तो खांबाला टेकला आणि चित्रकार बाईंना म्हणाला, "काढ गं माझे पाय. बुटांसकट काढ."

बाईंनी गुडघे टेकले आणि खडूने त्याच्या दोन्ही बुटांभोवती रेघ ओढली.

"पण इथे तर तुम्ही रोज उभं राहून यांना शिव्या देता!" अध्यक्ष म्हणाले.

"देतो ना. हाही जागेचा वापरच आहे. घ्या लिहून." फिटरने आठच्या आकड्याकडे बोट केले. "आणि उद्या मी पलीकडे उभा राहीन म्हणतो. ऊन तिकडे सरकतंय. परवाचं परवा बघू."

अध्यक्षांनी एकदा त्या खडूच्या बुटांकडे पाहिले. मग बाहेर पडताना, नकळत का होईना, निळ्या घराची भिंत टाळून ते त्याच्या आखलेल्या दारातून गेले.

ते पुन्हा येतील. येऊ देत. माझ्यावर अजून पुष्कळ जागा आहे.

मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखे कोणी जुने असेल तर त्याला चकचकीत करायची घाई करू नका. त्याचा फोटो काढला, चित्र काढले, म्हणजे त्याची काळजी घेतली असेही समजू नका. मला पूर्वीसारखे करून दोरीच्या पलीकडे ठेवू नका. मला घंटांची आठवण येते, पण मी त्यांच्यासाठी कुढत नाही. माझ्यावर चाला, पळा, आपटा. नवी रेघ ओढायची असेल तर ओढा, फक्त दुसऱ्याची पुसू नका. पायांखाली राहणे हा माझा कमीपणा नाही. ते माझे काम आहे आणि ते अजून चालू आहे.

त्याच संध्याकाळी चित्रकार बाईंनी मोठ्या लेथच्या भोकावर एक छोटा कागद ठेवला आणि शिशाची कांडी बाजूला सारून खारूच्या पेन्सिलीने तो घासला. कागदावर भोक उमटले. त्याच्या कडेने पिवळी रेघ, निळ्या घराचा कोपरा आणि हिरव्या आठचे वळण उमटले. तोच माझा हात, तेच माझे अक्षर. खारू, मी मेलेलो नाही. आजोबांना खुशाल सांग, त्यांना आता कळले आहे.

फिटरने पाकिटावर पत्ता लिहिला. काकूंनी ते पदराआड खोचले आणि सायकल आठच्या आकड्यातून बाहेर काढली. आजवर त्या माझ्यावरून उतरून रस्त्यावर कधी गेल्या नव्हत्या.

"जमेल ना?" फिटरने विचारले.

"न जमायला काय झालं? समोरच्याला सांगा, बाजूला हो म्हणावं!"

सायकल उंबरा ओलांडून गेली. मला बाहेरचे दिसत नाही. पण घंटा ऐकू येत होती, लांब, आणखी लांब. मग ती ऐकू येईनाशी झाली. कोणीच खेळत नव्हते. फिटर खांबापाशी, आपल्या खडूच्या बुटांत उभा होता.

बऱ्याच वेळाने घंटा पुन्हा ऐकू आली. काकू घामाघूम होऊन आत शिरल्या, ब्रेक लावला आणि एक पाय माझ्यावर टेकवून म्हणाल्या,

"टाकलं पेटीत."