कोळस की खडस

गोटीरामने गळाची दोरी दगडावर ठेवली आणि हात मागे घेतला. सुनेच्या हातात हाताने काही द्यायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. चांगुणाने दोरी उचलली. तो पातळ नायलॉनचा तंगूस उन्हात धड दिसतही नव्हता, पण त्याचं दुसरं टोक डोहात खोल कुठेतरी गेलं होतं आणि ते बोटाला कळत होतं.

"बोटावर नुसती टेकव. आवळू नको."

तिने टेकवली आणि लगेच दचकली.

"मामा, लागला!"

"पाणी हाय ते."

"वढतंय की."

"पाणी बी वढतं. पण पाणी एकसारखं वढतं, त्याला दम घ्यावा लागत नाय. जीव असला की वढतो, थांबतो, परत वढतो." गोटीरामने विडी शिलगावली. "म्हणून थांबतो कवा, ते बघायचं."

चांगुणाने बोट सैल केलं. भाकरीचं फडकं उंबराखाली ठेवून ती रोज लगेच माघारी फिरायची. आज तिने फडकं ठेवलं आणि तिथेच दगडावर बसली. घरी जावंसं तिला वाटत नव्हतं. गोटीरामने काही विचारलं नाही. तिच्याशी काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नसे. सुचत असे ते फक्त माशांबद्दल, म्हणून त्याने दोरी पुढे केली होती.

घरी कलाबाई होती. सासू वाईट होती असं कुणी म्हणणार नाही. गळ्यात माळ, त्यामुळे मासळी उंबऱ्याच्या आत नाही. गोटीरामची वेगळी चूल अंगणात, झेंडूच्या वाफ्याला लागून. नवराबायकोचा हा तह लग्नापासूनचा होता आणि दोघांनीही तो इमानाने पाळला होता. पण हल्ली कलाबाई रोज सकाळी चुलीपासूनच विचारायची, "आज काही हललं का गं?"

चांगुणाची आधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेली होती. हे तिसरं सहाव्यात आलं होतं. पंधरवड्यापूर्वी एका सकाळी ती "हो" म्हणून बसली. मग काय, पाहुण्याला चहात साखर मोजून घालणाऱ्या कलाबाईने सबंध आळीत गूळखोबरं वाटलं. तिच्या नवऱ्याने, गोरक्षने, डेपोतून येताना पेढे आणले. दोन दिवसांनी चांगुणाचं पोट पुन्हा गच्च, मुकं. तो वात होता. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तेव्हापासून पोटात दिवसभर काही ना काही व्हायचं आणि प्रत्येक वेळी ती जागच्या जागी उभी राहायची. हे ते, की ते नव्हे? सिव्हिलमधल्या नर्सबाईंनी पोटाला नळी लावून पाहिलं होतं. नीट ऐकू येत नाही म्हणाल्या, सोमवारी मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवा. आज रविवार होता. उद्यासाठी गोरक्षने रजा टाकली होती. चांगुणाला उद्याची भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची हे तिला कळत नव्हतं.

धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं, त्यामुळे डोह नितळ होता. माघाचं ऊन तळापर्यंत पोचलं होतं. खाली दोन लांब सावल्या शेजारीशेजारी हलत होत्या.

"तो डावीकडचा कोळस," गोटीराम म्हणाला. "उजवीकडचा खडस. नायतर उलटं असंल."

"कशावरनं?"

"वरनं कळत नाय. मलाबी नाय. दोघांची पाठ सारखी, चाल सारखी. हातात घेतला तर खडसाचं खवलं मोठं, मिशा चार. कोळसाचं खवलं बारीक, मिशा दोन. पर पाण्यात हाय तवर दोरीच सांगती."

चांगुणाच्या बोटाला टकटक झाली. कुणी दारावर बोटाने वाजवावं तशी. मग थांबली. मग परत टकटक.

"वाजतंय," ती हळूच म्हणाली.

"कोळस. हिसका दे!"

तिने हिसका दिला आणि उभी राहून दोरी ओढू लागली. गोटीराम जवळ आला, पण त्याने हात लावला नाही. "सावकाश, सावकाश" एवढंच म्हणत राहिला. रुपेरी मासा वाळूवर आला. चांगुणाने पदर खोचला आणि वाकून मिशा मोजल्या. दोन. तिने सासऱ्याकडे पाहिलं. लग्न होऊन चार वर्षं झाली, पण इतका वेळ सरळ ती त्याच्याकडे आजच बघत होती.

"तुम्हाला न बघता कळलं."

"तुलाच कळलं. तू म्हणालीस वाजतंय. मी नुसतं नाव सांगितलं."

कोळस ओल्या गोणपाटात गेला. गोटीरामने कणकेऐवजी गळाला पिकलेलं उंबर लावलं, दोरी भिरकावली आणि पुन्हा दगडावर ठेवली.

या वेळी बराच वेळ नुसतं पाणीच होतं. ती ओढ आता चांगुणाला ओळखू येऊ लागली होती, आणि ओळखू आल्यावर तिचा त्रास वाटेनासा झाला. मग ती ओढ हळूहळू जड झाली. टकटक नाही, धक्का नाही. कुणीतरी दोरीवर आपला भार टाकत होतं.

"मामा..."

तेवढ्यात दोरी सुटली. बोटावरून अशी सरसरत गेली की कातडी भाजली. दगडामागचं वेटोळं उलगडत उलगडत संपत आलं.

"जाऊ दे! धरू नको, जाऊ दे त्याला!" गोटीराम गुडघाभर पाण्यात शिरला होता. "थांबंल तो. थांबला की घे."

तो थांबला. चांगुणाने हातभर दोरी घेतली. तो पुन्हा गेला, पण आता कमी. पुन्हा थांबला. आपण माशाला ओढतोय की मासा आपल्याला, हे तिला कळेना; आपण दोघं एकाच दोरीचे आहोत एवढंच कळत होतं. तिला हसू येत होतं.

मग तो वर आला. आधी पाण्याखाली पिवळी झाक दिसली, मग सबंध अंग. दोन हात तरी लांब असेल. एकेक खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा, कडेला काळसर, मधे सोन्याचा. जाड ओठ, आणि ओठांपाशी चार मिशा सावकाश हलत होत्या. त्याचा गोल डोळा आकाशाकडे होता. रोज ज्या पाण्यात चांगुणा धुणं बडवत होती, त्यात हा इतकी वर्षं राहत होता आणि तिला पत्ता नव्हता.

"खडस," गोटीराम कुजबुजला. "धरण झाल्यापासनं एवढा बघितला नव्हता मी."

खडस मारायचा नाही, हे त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं. का ते सांगितलं नव्हतं. गळ काढून त्याने मासा दोन्ही हातांनी पाण्यातच धरला, तोंड प्रवाहाकडे करून. मासा दमला होता, एका अंगावर कलंडत होता. गोटीराम त्याला सरळ करायचा आणि वाट पाहायचा. कल्ले उघडत होते, मिटत होते.

"जगंल ना?" चांगुणाने विचारलं.

"जगंल. त्याला घाई करून चालत नाय."

शेपटी एकदा हलली. मग जोरात. पाणी उडून गोटीरामचा सदरा भिजला आणि डोह पुन्हा नितळ झाला.

दोघं दगडावर येऊन बसली. तिने पुन्हा दोरी बोटावर घेतली. गळाला काही लावलेलं नव्हतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. गोटीराम सदरा पिळत होता.

थोड्या वेळाने त्याने पाहिलं तर चांगुणा ताठ बसली होती. श्वास धरून, मान किंचित कलती.

"लागला काय?"

तिने मान हलवली. हो.

त्याने दोरीकडे पाहिलं. दोरी सैल होती, पाण्यावर सुस्त वळसा घेऊन पडली होती. तसं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मग त्याला तिचा डावा हात दिसला. तो पदराखाली पोटावर होता.

गोटीरामने तोंड फिरवलं आणि पलीकडच्या काठावरच्या बाभळीकडे बघत राहिला. सासऱ्याने असं विचारायचं नसतं. पण त्याच्यानं राहवेना.

"पाणी तर नाय ना ते?"

"नाय." तिचा आवाज अगदी बारीक होता. "वातबी नाय. मला कळतंय, मामा."

गोटीराम उठला. विडीचं बंडल खिशात घातलं, तेच पुन्हा काढलं, भाकरीचं फडकं उचललं. "चल. घरी चल. तुझ्या सासूला सांगू. तू सांग, मी सांगितलं तर म्हणंल, मासाच असंल."

चांगुणा उठली नाही. तिने डोळे मिटून घेतले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

"थांबा, मामा," ती म्हणाली. "अजून हाय."

गोटीराम फडकं हातात घेऊन परत खाली बसला.