मागे राहिलेली शिट्टी

मी पितळेची शिट्टी बोलतेय. दचकू नका! ऐंशी वर्षं गप्प होते, आज बोलावंसं वाटलं. पण डोक्यात इतका गोंधळ आहे, की कुठून सुरुवात करू तेच सुचत नाही.

जन्म इंग्लंडातल्या कारखान्यात, महायुद्धाच्या दिवसांत. मला मिळाला लॉइड नावाचा कॅनडाचा वीस वर्षांचा पोरगा. बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीतल्या काचेच्या घुमटात तो मशीनगन धरून पाठमोरा बसायचा, एकटाच. गारठ्यानं त्याची बोटं आखडायची म्हणे. म्हणे काय, मी त्याच्या कॉलरलाच होते की! विमान समुद्रात पडलं, तर मला फुंकायचं, म्हणजे बोटवाल्यांना माणूस सापडतो. माझं काम ते एवढंच.

आणि तेच माझ्याकडून झालं नाही. माझा हूक तुटला. "उद्या लावतो," म्हणत लॉइडनं मला खणात टाकलं आणि तो गेला. त्याच फेरीत विमान समुद्रात कोसळलं. सात जणांतले दोघे शिट्टी वाजवून वाचले. लॉइड सापडलाच नाही. मी असते तर सापडला असता? की गोळी आधीच लागली होती? देवाशपथ, मला ठाऊक नाही.

त्याच्या सामानाबरोबर मी कॅनडाला त्याच्या आईकडे गेले. तिनं मला टेबलाच्या खणात जपलं. पुढे कितीतरी वर्षांनी ते टेबल जुन्या फर्निचरच्या कंटेनरमधून दुबईत आलं, रास अल खोरला, श्रीवर्धनच्या मोहिद्दीनच्या गोदामात. खण झाडताना, लॉइडच्या बहिणीनं लिहिलेल्या चिठ्ठीत गुंडाळलेली मी त्याच्या हाती लागले.

त्याची बहीण जहांआरा तिथंच होती. तिचा नवरा मुनीर रास अल खैमाच्या बंदरात, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता. चौदा महिन्यांपूर्वी तो समुद्रात पडला. लाइफ जॅकेट खुंटीलाच राहिलं. देहही सापडला नाही. मोहिद्दीन म्हणायचा, "आता त्याच्या नावानं फातिहा पढू या." ही म्हणायची, "आधी मय्यत दाखवा." बारा वर्षांच्या लेकीला, झाराला सांगून ठेवलेलं, अब्बा लांबच्या जहाजावर गेलेत.

मला बघून जहांआरा भावाजवळ पुटपुटली, "त्यांच्या जॅकेटलापण अशीच होती." मग लेकीला म्हणाली, "झारा, वाच गं, काय लिहिलंय?"

झारानं वाचून मराठीत सांगितलं, "ही माझ्या भावाची, लॉइडची शिट्टी. तो समुद्रात गेला. आई एकतीस वर्षं त्याची वाट बघत होती. मी, तिची लेक, रोज तिच्या समोरच होते."

जहांआरानं मला बाजूला ठेवलं आणि लेकीकडे बघितलं. अगं बाई, केवढी उंच झाली होती पोर! युनिफॉर्मच्या बाह्या पार आखूड.

"भाईजान, शुक्रवारी फातिहा ठेवा," ती म्हणाली. मग झाराला जवळ ओढलं. "बेटा, अब्बा जहाजावर नाहीत..."

"आय नो, मम्मी," झारा म्हणाली. "आय वॉज वेटिंग फॉर यू."

दोघी खूप रडल्या. मलाही फार वाईट वाटलं, आणि कुठंतरी बरंही वाटलं. हे कसं, ते विचारू नका.

आता मी झाराच्या शेल्फवर असते. माझा दोष होता की नव्हता, कुणाला कळलं तर मला जरूर सांगा. काल तिनं मला हातात घेऊन हळूच विचारलं, "हाउ लाँग डिड लॉइड स्विम?"

ती लॉइडबद्दल विचारत नव्हती, एवढं मात्र मला कळलं.